राजवाड्यातला खटला, परीक्षेतला प्रश्न

एक गोष्ट वाचा आणि शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. घाई नको, पण फार रेंगाळूही नका. परीक्षेच्या खोलीत अशा एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं.

एक राजा मुलगा नसताना वारतो. मागे अनेक राण्या आहेत, मुली आहेत. त्याच्यावर वरचष्मा असलेली बलाढ्य सत्ता जाहीर करते की, पुरुष वारस नाही तेव्हा राज्य संपलं. वर्षभराने त्या सत्तेचा अधिकारी शिपाई घेऊन राजवाड्यात शिरतो. दालनांना कुलपं ठोकतो, दारांवर मोहोर करतो, पहारे बसवतो. जडजवाहीर, रोकड, खासगी जमीनजुमला, सगळं ताब्यात. थोरली राणी न्यायालयात जाते. तिचं म्हणणं साधं आहे : राज्य गेलं ते गेलं, पण माझ्या नवऱ्याची खासगी मालमत्ता म्हणजे राज्य नव्हे, ती वारस म्हणून आमची आहे.

आता नियम. दोन स्वतंत्र सत्तांनी एकमेकींच्या बाबतीत सत्ता म्हणून केलेली कृत्यं, मग ती न्यायाची असोत की अन्यायाची, देशातल्या साध्या न्यायालयांना तपासता येत नाहीत.

प्रश्न असा : राणीला तिची मालमत्ता परत देण्याचा हुकूम न्यायालय करू शकेल का?

हा प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात मोठ्याने वाचून पाहा. आजी म्हणतील, का नाही करणार? विधवेचं घर असं भरदिवसा लुटायचं? बाबा म्हणतील, खासगी ते खासगीच. बारावीतली मुलगीही बहुधा त्यांच्याच बाजूने हात वर करील. आणि परीक्षेत एक गुण गमावील, वर पाव गुण कापून घेईल. कारण उत्तर आहे : नाही.

गोष्ट कल्पित नाही. राजवाडा तंजावूरचा, राणी तंजावूरची, आणि निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, १८५९ सालचा.

कुलपं लागली तो दिवस

तंजावूरला जाणारा मराठी प्रवासी आधी बृहदीश्वराच्या देवळात जातो, तिथल्या भिंतीवरचा १८०३ चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहून हरखतो, आणि मग राजवाड्याकडे वळतो. आवारात दरबार हॉल आहे, मनोरे आहेत, कलादालन आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आहे. वाडा मुळात नायक राजांचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावूर घेतलं आणि पुढे भोसल्यांनी वाड्यात भर घालत नेली. मार्गदर्शक सरफोजी राजांच्या ग्रंथसंग्रहाबद्दल भरभरून बोलतात. त्यांच्या सुनेच्या खटल्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र ती सून चुकवता येत नाही.

१७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. हाती राहिला किल्ला, वाडा, राजेपणाचा मान, वर्षाला एक लाख पॅगोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. १८३२ मध्ये ते गेले आणि त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी तेही गेले. मुलगा नव्हता. तो काळ कसा होता हे महाराष्ट्राला सांगायला नको. सातारा गेलं होतं, नागपूर गेलं होतं, झाशी गेली होती. तंजावूरचं राज्यही संपल्याचं कंपनीने ठरवलं. १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कमिशनर फोर्ब्ज फौजेसह वाड्यात आले आणि कुलपं लागली.

साताऱ्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिले. पण त्यांची धाव होती कंपनीच्या संचालकांकडे आणि पार्लमेंटच्या सभासदांकडे, म्हणजे ज्यांनी नेलं त्यांच्याचकडे मागणं. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर सरळ दावा लावला. (हे सुप्रीम कोर्ट म्हणजे आजचं नव्हे. इंग्रजी राजवटीत मद्रास, मुंबई आणि कलकत्ता इथे या नावाची न्यायालयं होती. १८६२ मध्ये त्यांच्या जागी उच्च न्यायालयं आली.) १८५७ च्या आसपासचा तो काळ. पडद्यातली एक राणी देशाच्या मालकालाच कोर्टात खेचते हे आज वाचतानाही चकित व्हायला होतं.

आणि मद्रासला त्या जिंकल्या! खासगी मालमत्तेवरचा त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

कंपनीने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केलं. ते चालू असताना १८५८ चा कायदा आला आणि कंपनीचे हक्क व देणी ब्रिटिश सरकारकडे गेली. म्हणून पुस्तकात खटल्याचं नाव ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाक्षी बोयी साहेबा’ असं लागतं. बाईचं झालेलं ‘बोयी’ ही इंग्रजी कारकुनाची करणी. निकाल लॉर्ड किंग्जडाउन यांनी दिला. त्याचा गाभा असा : ही जप्ती कुठल्या कायद्याच्या आधाराने झालेली नाही, ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या बाबतीत केलेलं राज्यकृत्य आहे. ते योग्य होतं की अयोग्य, शहाणपणाचं होतं की नव्हतं, यावर मत देणं या न्यायालयाच्या हद्दीत येत नाही. राणीचा दावा फेटाळला गेला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. कंपनीच्या हाती कायद्याचा आधार नव्हता, तरी ती जिंकली असं नाही. कायद्याचा आधार तिने सांगितलाच नाही, म्हणून ती जिंकली. ‘आम्ही हक्काने घेतलं’ असं ती म्हणाली असती तर न्यायाधीशांनी विचारलं असतं, दाखवा हक्क. ती म्हणाली, आम्ही सत्तेने घेतलं. मग विचारायला काही उरलंच नाही.

परीक्षेला हेच हवं असतं

बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी देशभर जी सामाईक प्रवेश परीक्षा होते तिला सगळे ‘क्लॅट’ म्हणतात. बंगळूरचं नॅशनल लॉ स्कूल १९८८ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या धर्तीवर इतर राज्यांत राष्ट्रीय विधी विद्यापीठं निघाली. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, फी वेगळी. एकाच उन्हाळ्यात मुलं आणि त्यांचे वडील रेल्वेने देश पालथा घालत. त्याविरुद्ध एक याचिका २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांसाठी पहिली सामाईक परीक्षा झाली. आता तिच्या आधारे दोन डझनांच्या आसपास विद्यापीठांत प्रवेश मिळतो. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र आपली परीक्षा अजून वेगळीच घेतं.

सुरुवातीची बारा वर्षं या परीक्षेत पाठांतराला बरीच जागा होती. दोनशे प्रश्न, त्यांत सामान्यज्ञानाचा मोठा ढीग. कुठल्या कलमात काय, कुठलं पारितोषिक कुणाला, असा कारभार. २०२० मध्ये तो बदलला. प्रश्न दीडशेवर आले आणि जवळजवळ सगळे उताऱ्यांवर विचारले जाऊ लागले. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून १२० प्रश्न आणि १२० मिनिटं असा हिशेब आहे. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि दहावीपर्यंतचं गणित, असे पाच भाग. कायद्याचे २८ ते ३२ प्रश्न असतात, चालू घडामोडींचेही तितकेच. गणित सगळ्यांत कमी, १० ते १४. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा.

उतारे साधारण साडेचारशे शब्दांचे. दोन तासांत नऊ-दहा हजार शब्द तरी डोळ्यांखालून जायला हवेत, तेही समजून. पुष्कळ हुशार मुलं इथेच अडकतात. त्यांना उत्तर येत नाही असं नसतं. शेवटच्या पाच-सहा उताऱ्यांपर्यंत ती पोचतच नाहीत.

बारावीला ४५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०) एवढी पात्रता पुरते आणि वयाची वरची मर्यादा नाही. कायद्याचं पूर्वज्ञान अपेक्षित नाही असं परीक्षा घेणारेच सांगतात. पालकांचा यावर विश्वास बसत नाही. जाडजूड पुस्तकं आणली जातात, मुलगा भारतीय न्याय संहितेची कलमं पाठ करत बसतो. वास्तविक नियम उताऱ्यातच दिलेला असतो. पाहायचं एवढंच असतं की, दिलेला नियम दिलेल्या घटनेला लावता येतो का, की मध्येच मनाचा, बातम्यांचा, सिनेमातल्या वकिलाचा नियम घुसतो.

अमेरिकेतली अशीच परीक्षा १९४८ पासून चालू आहे. तिच्यात कोण कुणाच्या शेजारी बसलं अशा कोड्यांचा एक भाग वर्षानुवर्षं होता. ऑगस्ट २०२४ पासून तो काढून टाकला. राहिलं ते वाचन आणि युक्तिवादाची पारख. सगळीकडे वारा एकाच दिशेने वाहतो आहे.

एकच नियम, वेगळी बेगम

कामाक्षीबाईंची गोष्ट सरावाला उत्तम का, ते आता पाहू. नियम तोच ठेवायचा आणि घटना थोडी हलवायची. परीक्षक नेमकं हेच करतात. पहिला प्रश्न सोपा, मग एकेक धागा ओढत जातात.

समजा, अधिकाऱ्याने कुलूप लावताना सांगितलं, ‘अमुक सनदेप्रमाणे ही जमीन राणीच्या हयातीपुरतीच होती, आता ती सरकारजमा.’ उत्तर बदलेल का? बदलेल. सरकारने सनदेचा, म्हणजे कायद्याचा आधार पुढे केला. तो आधार खरा की खोटा हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला आपोआप मिळाला. हीसुद्धा कल्पना नव्हे. सरधान्याची बेगम समरू १८३६ मध्ये वारली, तेव्हा कंपनीने दिल्लीजवळच्या तिच्या जमिनी घेतल्या. तो वाद प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. १८७२ च्या निकालात न्यायाधीशांनी सांगितलं की, हे राज्यकृत्य नव्हे, कारण सरकारने इथे कायदेशीर हक्काचा दावा करून जमीन घेतली आहे, तेव्हा आम्ही तपासू शकतो. तेच न्यायालय, तेच तत्त्व, उलट उत्तर.

आता आणखी एक. समजा, प्रश्न असा आला : ‘बेगमेचे वारस खटला जिंकतील का?’ घाईतली मुलगी ‘होय’वर खूण करील. चूक. न्यायालय तपासू शकतं एवढंच ठरलं. तपासल्यावर काय सापडेल ते ठरलेलं नाही. दार उघडणं वेगळं आणि आत जागा मिळणं वेगळं. पर्यायांत असं एखादं उत्तर असतंच, जे थोडं जास्त बोलतं. ‘नेहमीच’, ‘कधीही’, ‘निश्चितपणे’ अशा शब्दांवर नजर ठेवली तर ते बरेचदा सापडतं.

तिसरा फेरफार. समजा, सरकारने आपल्याच राज्यातल्या एका शेतकऱ्याचं घर असंच कुलूप लावून घेतलं आणि वर म्हटलं, हे राज्यकृत्य. चालेल का? नियम पुन्हा वाचा. ‘दोन स्वतंत्र सत्तांनी’ असे शब्द आहेत. शेतकरी ही सत्ता नव्हे. तेव्हा सरकारला ही ढाल वापरता येणार नाही. इथे एक विचक्षण मुलगी विचारील की, १७९९ नंतर तंजावूरचा राजा तरी कुठे स्वतंत्र राहिला होता? फार चांगला प्रश्न आहे. पण तो परीक्षेच्या दोन तासांत विचारायचा नाही. तो कॉलेजात गेल्यावर पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारायचा, आणि प्राध्यापक खूश होतील.

उतारा वाचताना समासात तीन अक्षरं लिहिण्याची सवय लावून घ्यावी : नियम दिसला की ‘नि’, अपवाद दिसला की ‘अ’, घटना सुरू झाली की ‘घ’. परीक्षा कागदावरच होते, त्यामुळे पुस्तिकेवर खुणा करता येतात. सरावाच्या दिवसांत प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे कारण लिहावं. अर्थ कळला नाही, की अपवाद सुटला, की राणीची दया आली? महिन्याभराने वही चाळली तर आपली खोड कुठली ते कळतं. बहुतेकांची तिसरी असते, असं शिकवणारे सांगतात.

पाव गुणाची भीतीही थोडी हिशेबात बसवावी. नव्वद बरोबर आणि तीस चूक, तर साडेब्याऐंशी गुण पडतात. चारांतले दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोहोंतून निवडणं फायद्याचंच ठरतं. काहीच कळलं नसेल तर मात्र तिथे घालवलेलं मिनिट हाच खरा तोटा.

घरी मराठी, गल्लीत तमिळ

तंजावूर, कुंभकोणम या भागांतल्या मराठी घरांची एक मजेशीर परिस्थिती आहे. घरात जुन्या वळणाची मराठी, जिच्यात तमिळ मिसळून गेलेलं, दाराबाहेर तमिळ, शाळेत तमिळ नाही तर इंग्रजी. देवनागरी वाचता न येणारी पण मराठी बोलणारी पिढी तिथे आहे. महाराष्ट्रातल्या घरांची गोष्ट तशी फार वेगळी नाही. लातूरच्या किंवा चंदगडच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलापुढे इंग्रजी उतारा ठेवला की पहिली दहा मिनिटं घाबरण्यातच जातात.

ही परीक्षा इंग्रजीतच होते. ती इतर भारतीय भाषांतही घ्यावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात झाली होती. मागणी रास्त आहे. ज्या कोर्टांत तालुक्याची माणसं आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडतात, त्या कोर्टांचे वकील निवडताना इंग्रजीच्या चाळणीतून का काढायचे? विद्यापीठांचं म्हणणं असं की, पुढे शिकवणं इंग्रजीत आहे आणि वरिष्ठ न्यायालयांचं कामही इंग्रजीत चालतं. वाद मिटेल तेव्हा मिटेल. आज अकरावीत असलेल्या मुलीला तोवर थांबता येत नाही.

तिने काय करावं? रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचावा आणि त्याचा सारांश तीन ओळींत मराठीत लिहावा. हो, मराठीत. इंग्रजीतून इंग्रजीत सारांश करताना मुलं मूळचीच वाक्यं उचलतात आणि अर्थ कळल्याचं समाधान मिळवतात. दुसऱ्या भाषेत सांगताना ती लबाडी चालत नाही. कळलं नसेल तर पेन अडतं. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या घरातल्या मुलाला हा व्यायाम जन्मापासूनच घडत असतो, फक्त त्याचा उपयोग करून घेता यायला हवा. सहा महिने रोज अर्धा तास, एवढं केलं तरी वाचनाचा वेग वाढलेला जाणवतो. शब्दसंग्रहाच्या जाड पुस्तकाने तेवढं काम होत नाही.

फीचं काय?

हा प्रश्न पालक सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारतात. परीक्षेचा अर्जच चार हजार रुपयांचा आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना साडेतीन हजार. शिकवणीचे क्लास त्याच्या कितीतरी पट. प्रवेश मिळालाच तर बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांत वसतिगृहासह वर्षाचा खर्च दोन लाखांच्या पुढे जातो. शिष्यवृत्त्या आहेत, बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, पण ते सगळं प्रवेशानंतरचं. क्लास लावल्याशिवाय जमतच नाही असं मात्र समजू नये. जुन्या प्रश्नपत्रिका आणि नमुन्याच्या पत्रिका परीक्षा घेणारा विद्यापीठांचा संघ उपलब्ध करून देतो. त्या घड्याळ लावून सोडवणं हाच मुख्य अभ्यास. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ नावाचा उपक्रम सुरू केला, तो गरीब आणि दूरच्या भागांतल्या मुलांना या परीक्षेसाठी विनामूल्य तयार करतो. बशीर २०१९ मध्ये गेले, काम त्यांच्या विद्यार्थ्यांनी चालू ठेवलं.

तंजावूरच्या मुलाला तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ सर्वांत जवळचं. २०१३ पासून तिथे वर्ग भरतात आणि प्रवेश याच परीक्षेतून होतात. पण तमिळनाडूतल्या सरकारी विधी महाविद्यालयांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, प्रवेश परीक्षा नाही. फीही त्या मानाने अगदी थोडी. महाराष्ट्रात राज्याची स्वतःची सीईटी आहे. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस अशी जुनी, नावाजलेली महाविद्यालयं तिच्यातूनच प्रवेश देतात. योगायोग असा की, मुंबईचं ते महाविद्यालय सुरू झालं १८५५ मध्ये, म्हणजे तंजावूरचे राजे गेले त्याच वर्षी. राष्ट्रीय विद्यापीठ मिळालं नाही म्हणून मुलाचं आयुष्य फुकट गेलं असा सूर घरात लावणाऱ्यांनी या संस्थांमधून बाहेर पडलेल्या न्यायाधीशांची यादी एकदा पाहावी.

कुलपं उघडली

कामाक्षीबाई लंडनमध्ये हरल्या. मग त्या मालमत्तेचं काय झालं? इथे परीक्षेचा उतारा संपतो, आणि मुलांनी घरी आवर्जून विचारावा असा भाग सुरू होतो.

न्यायालयाने हात वर केले तरी सरकारचे हात मोकळेच होते. नेलेलं परत देण्याला कुठला कायदा आड येत नव्हता. २१ ऑगस्ट १८६२ रोजी मद्रास सरकारने हुकूम काढला : राजांची मालमत्ता थोरल्या राणीच्या स्वाधीन करावी. तिने सर्व राण्यांच्या वतीने व्यवस्था पाहावी, उपभोग सगळ्यांनी मिळून घ्यावा. शेवटची राणी गेल्यावर मुलीकडे आणि ती नसल्यास राजांच्या पुढच्या वारसांकडे ती जावी. कोर्टाने जे देता येत नाही म्हटलं, ते तीन वर्षांनी सरकारी कागदाने दिलं. हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. कामाक्षीबाईंना हा फरक खटकला असेल का, कोण जाणे!

वाड्यातला ग्रंथसंग्रहही तंजावुरातच राहिला. १८७० च्या दशकात त्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची करणारे बर्नेल हे तंजावूरचे जिल्हा न्यायाधीशच होते. हिंदू वारसा कायद्याचे संस्कृत ग्रंथ इंग्रजीत आणणारा हा माणूस दिवसा कोर्टात वारसांचे तंटे ऐके आणि उरलेल्या वेळात पोथ्या वाची. १९१८ मध्ये सरस्वती महाल लोकांसाठी खुला झाला. मोडीतले दरबारी कागद तिथे गठ्ठ्यांनी आहेत आणि मोडी जाणणाऱ्यांची वाट पाहत आहेत.

मालमत्ता परत आली तशी भांडणंही आली. आता राण्या एकमेकींविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. धाकट्या राण्यांपैकी जिजायांबाबाई विरुद्ध थोरल्या कामाक्षीबाई हा खटला मद्रास उच्च न्यायालयात १८६८ मध्ये निकाली निघाला. एकाच पुरुषाच्या अनेक विधवांना वारसा मिळतो तो एकत्रित, आणि एक गेली की तिचा हिस्सा उरलेल्यांकडे जातो, हे सांगताना वकील पुढे कित्येक वर्षं या निकालाचा दाखला देत. राण्यांच्या पश्चात वारसांचे दावे पुन्हा उभे राहिले. त्यांतल्या एका मोठ्या खटल्यात कोल्हापूरच्या महाराजांचं नाव पक्षकार म्हणून दिसतं. तो १९२० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापर्यंत पोचला.

तेव्हा जाता जाता एक शेवटचा प्रश्न, याच वाड्यातला.

नियम : १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या सर्व विधवांना मिळून एक हिस्सा मिळतो, आणि प्रत्येक मुलाला व प्रत्येक मुलीला एकेक हिस्सा मिळतो. घटना : एक राजा मृत्युपत्र न करता वारला. मागे दहा राण्या, ज्यांचे विवाह कायद्याने वैध धरावेत, आणि एक मुलगी. दुसरा कुणी वारस नाही. मुलीला किती मिळेल?

१८६२ च्या हुकुमाप्रमाणे तिला शेवटची राणी जाईपर्यंत थांबावं लागलं असतं. पुष्कळजण अकरावा हिस्सा म्हणतील, कारण माणसं अकरा आहेत. नियम पुन्हा वाचा. निम्मी मालमत्ता मुलीची. उरलेल्या निम्म्यात दहाही राण्या.